त्याला खाली बघूनच चालू द्या

पत्राचा सारांश: भांडुपच्या एका आईचं पत्र आहे. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. धाकटी मुलगी दहाची. मुलगा दोनेक वर्षांपासून चालताना झोकांड्या खातो. आधी कबड्डीत पडायचा, मग जिन्यात पडायला लागला. अक्षर बिघडलं, बोलणं जड झालं, पाठीला बाक आला. पीटीचे सर म्हणाले, नाटकं करतो. शेजारी म्हणाले, मोबाइल. नाक्यावरची पोरं ‘टाकून आलाय’ म्हणून हसली. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी जनुकाची टेस्ट करायला लावली आणि ‘फ्रेडरिक्स अटॅक्सिया’ हे निदान हातात आलं. नवरा हा या बाईंच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. सासूबाई, म्हणजे आत्याच, म्हणतात की आमच्यात असलं कुणाला नव्हतं, हे तुझ्या माहेरचं. मुलाला ‘कॅल्शियम कमी आहे’ असं सांगून ठेवलंय. नवऱ्याला वाटतं, धाकटीचीही टेस्ट करून टाकावी, काय ते एकदाच कळू दे. सासूबाईंना वाटतं, पोरीची टेस्ट केली तर उद्या तिला कोण करून घेणार? बाई विचारतात: मुलाला खरं सांगू का? मुलीची टेस्ट करू का? आणि घराण्यात कुणालाच नसताना हा आजार आनुवंशिक कसा?

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य ओघात येऊन गेलंय. ‘सारखा खाली बघून चालतो, मान वर कर म्हणून दिवसातून दहा वेळा सांगते, ऐकतच नाही.’ मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा हे आज संध्याकाळपासून बदलता येण्यासारखं आहे.

आपला पाय कुठे आहे, गुडघा किती वाकलाय, जमीन सपाट आहे की उतरती, ही खबर पायातून मेंदूला सतत जात असते. आपल्याला तिचा पत्ताही नसतो. तुमच्या मुलाच्या आजारात ही खबर नेणाऱ्या नसा सर्वांत आधी खराब होतात. स्टेशनवर इंडिकेटर बंद, घोषणाही नाही, अशा वेळी आपण वाकून रुळांकडे बघतो ना, तसा तो पायांकडे बघतो. नसा सांगत नाहीत ते डोळ्यांनी विचारून घेतो. तुम्ही लिहिलंय की तोंडाला साबण लावला की मोरीत नळ घट्ट धरतो आणि लाइट गेली की जागचा हलत नाही, एवढा मोठा होऊन अंधाराला घाबरतो. तो अंधाराला घाबरत नाही हो. डोळे मिटले की त्याला उभं राहायला आधारच उरत नाही. न्यूरॉलॉजिस्टनी दोन्ही पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं असेल. ते हेच बघत होते.

तेव्हा मान वर करायला सांगणं बंद करा. मोरीत झिरोचा बल्ब रात्रभर चालू राहू दे, भिंतीला धरायला एक दांडी ठोकून घ्या आणि अंघोळ बसून करू दे.

आता बाकीची लक्षणं. पत्रात ती तुम्ही वेगवेगळ्या तक्रारींसारखी लिहिली आहेत, आणि दोन वर्षं ती वेगवेगळ्या डॉक्टरांकडे गेली हे साहजिकच आहे. पाठीचा बाक हाडवाल्याकडे, अक्षर शिकवणीच्या बाईंकडे, धाप बालरोगतज्ज्ञांकडे. एकत्र मांडली की चित्र दिसतं. शाळकरी वयात, बहुतेकदा पाच ते पंधराच्या दरम्यान, चाल बिघडायला लागते. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्याला लावला तर कंप जाणवत नाही. तळपायाची कमान जास्त उंच होते. ‘नवे बूटही त्याला चावतात’ असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण बहुधा ही कमान असावी. पाठीचा कणा बाजूला वळतो. हात अंदाज चुकतात, म्हणून अक्षर बिघडतं आणि चहाचा कप सांडतो. पुढे बोलणं संथ आणि जड होतं. हसणाऱ्या पोरांना त्यात दारू दिसली. खरं तर जीभ आणि श्वास यांचा मेळ बसत नसतो. बुद्धीला मात्र हा आजार हात लावत नाही. शाळेत हे ठासून सांगायला हवं, कारण अडखळत बोलणाऱ्या मुलाला आपल्याकडे मास्तरही पटकन ‘ढ’ ठरवून मोकळे होतात.

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या निकोलाउस फ्रेडरिक या डॉक्टरांनी १८६३ मध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला. त्यामागचं जनुक सापडायला १९९६ साल उजाडलं. ते नवव्या गुणसूत्रावर असतं आणि त्यातून फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रथिन बनतं. पेशींना ऊर्जा तयार करायला ते लागतं. या मुलांच्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा, कधी कधी हजारावर वेळा छापला गेलेला असतो, त्यामुळे हे प्रथिन फार कमी बनतं. लांब नसा आणि हृदय या दोघांना ऊर्जा सगळ्यांत जास्त लागते. म्हणून त्यांना आधी फटका बसतो.

हृदय म्हटलं म्हणून थांबते. तुमच्या अख्ख्या पत्रात ईसीजीचा उल्लेख नाही. ‘जिना चढला की छाती धडधडते, अशक्तपणा असेल’ एवढंच आहे. या आजारात हृदयाचे स्नायू जाड होणं आणि ठोके अनियमित होणं नेहमीचं आहे, आणि जिवाला खरा धोका तिथूनच असतो. ईसीजी आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाले नसतील तर या आठवड्यात करून घ्या, आणि पुढे दरवर्षी. तसंच साखर. यातल्या काही मुलांना मधुमेह होतो, तेव्हा वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासायची. कण्याचा एक्स-रे डॉक्टर सांगतील तसा. वाढीच्या वयात बाक झपाट्याने वाढतो, आणि नुसत्या पट्ट्याने तो थांबेल अशा भरवशावर राहू नका. ऑपरेशनची गोष्ट निघाली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात हृदयाचे रिपोर्ट आधी पडले पाहिजेत. ऐकू येणं आणि नजर हेही अधूनमधून तपासून घ्या. मी डॉक्टर नाही, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात काम करून हे सगळं जवळून पाहिलेली बाई आहे. त्यामुळे ही यादी घेऊन तुमच्या न्यूरॉलॉजिस्टनाच विचारा. पण विचारा नक्की.

तुमच्यासारख्या ज्या घरांत अजून निदान व्हायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ‘सगळ्या जनुकांची एकदम टेस्ट’ म्हणून जी महागडी एक्झोम तपासणी करतात, तिच्यात हा दोष निसटू शकतो. तुकडा किती वेळा छापलाय हे मोजणारी वेगळी टेस्ट असते, ती नाव घेऊन मागायची. आणि रक्तातलं ई-जीवनसत्त्व जरूर तपासा. एका दुसऱ्या आनुवंशिक आजारात शरीराला हे जीवनसत्त्व टिकवता येत नाही. लक्षणं हुबेहूब अशीच असतात, पण मोठ्या डोसच्या गोळ्यांनी तो आजार आटोक्यात ठेवता येतो. तो नजरेतून सुटला तर फार वाईट वाटतं. तुमच्या मुलाची टेस्ट स्पष्ट आहे, त्यामुळे तुम्ही त्या आशेत अडकू नका.

आता सासूबाईंचा आरोप. हा आजार होण्यासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. ज्याच्याकडे एकच बिघडलेली प्रत असते तो फक्त वाहक. त्याला जन्मभर काहीही होत नाही. तो ठणठणीत असतो, त्याची आई ठणठणीत असते, आजोबा नव्वदीपर्यंत काठीशिवाय फिरतात. दोन वाहकांचं लग्न होईपर्यंत घराण्यात आजार दिसतच नाही. म्हणजे ‘कुणालाच नव्हतं’ आणि ‘आनुवंशिक आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

आणि तुमच्या बाबतीत ‘तुझ्या माहेरचं’ हा आरोप तर गमतीचाच आहे, कारण तुमचं माहेर तेच सासूबाईंचं माहेर. तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणा एकाकडून ही प्रत बहुधा दोन वाटांनी खाली आली: तुमच्या वडिलांकडून तुमच्यात, आणि आत्याकडून तुमच्या नवऱ्यात. हे वाचून आत्याला सुनवायचा मोह होईल. नका सुनवू. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलीय, त्यांनी ती मायेपोटी पाळली. नात्यातल्या लग्नात दोघं एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते हे खरं, पण नात्याबाहेर लग्न केलेल्या जोडप्यांच्या मुलांनाही हा आजार होतो. मला वाटतं, आत्या मनातून घाबरल्या आहेत. हे आपल्याकडूनही आलं असेल ही शंका त्यांना आली असणार, आणि ती त्यांना सोसवत नाहीये. पुढच्या भेटीला त्यांना सोबत घेऊन जा आणि हा भाग डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं यात आपल्या घरांत किती फरक पडतो, ते मी तुम्हाला काय सांगणार.

मुलाला सांगायचं का? सांगायचं, आणि लवकर. न सांगण्यामागे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की नाव कळलं नाही तर तो सुरक्षित राहील. जरा त्याच्या बाजूने बघा. आई म्हणते कॅल्शियम कमी आहे. तो इमानाने गोळ्या घेतो, दूध पितो, आणि तरी महिन्यागणिक जास्त पडतो. यातून चौदा वर्षांचं पोर एकच अर्थ काढतं: माझंच काहीतरी चुकतंय. वर सर म्हणतात नाटकं, आणि तुम्ही म्हणता लक्ष दे. आजार त्याला आहेच. तो आपल्या अंगी असलेला आळस किंवा वेंधळेपणा आहे असं त्याला वाटत राहणं, हे दुखणं आपण वरून दिलेलं आहे. शिवाय फाइलवर नाव लिहिलेलं असतं आणि त्याच्या हातात फोन आहे. आज ना उद्या तो ते टाइप करून बघणारच, आणि तेव्हा शेजारी तुम्ही असाल की नाही कुणास ठाऊक.

एका बैठकीत सगळं सांगायची गरज नाही. सुरुवातीला एवढं पुरे: ‘तुझ्या पायांतून मेंदूकडे खबर नेणाऱ्या नसा नीट काम करत नाहीत. या आजाराला नाव आहे. तू जन्माला आलास तेव्हापासून तो तुझ्यात आहे, तुझ्या कुठल्या वागण्यामुळे झालेला नाही. तू नाटक करत नव्हतास, आणि आम्हाला ते उशिरा कळलं.’ मग गप्प बसा आणि त्याला विचारू द्या. तो विचारेल, मी बरा होणार का. खरं उत्तर असं आहे की पूर्ण बरं करणारं औषध आज नाही, संशोधन चालू आहे, आणि जोर टिकवायला व्यायाम करायचा आहे. पुढचं तो विचारेल तसं, त्याला झेपेल तसं. तुम्हाला मात्र पुढचं माहीत असायला हवं. आजार हळूहळू वाढतो, आणि सुरुवात झाल्यापासून साधारण दहा ते पंधरा वर्षांत बऱ्याच जणांना व्हीलचेअर लागते. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. काहींच्या बाबतीत तो खूपच सावकाश असतो.

एकच इशारा. तो गप्प गप्प राहायला लागला, मित्रांत जाईना, जेवेना, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नका. न्यूरॉलॉजिस्टच्या जोडीला समुपदेशकाचीही वेळ घ्या.

औषधाचं म्हणाल, तर २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ओमाव्हेलोक्सोलोन नावाच्या औषधाला मान्यता मिळाली, सोळा वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. या आजारासाठी मान्यता मिळालेलं हे पहिलंच औषध. ते आजार वाढण्याचा वेग कमी करतं, गेलेलं परत आणत नाही, आणि किंमत आपल्यासारख्यांना ऐकवणारही नाही अशी आहे. त्याचं पुढे काय होतंय हे दर भेटीत डॉक्टरांना विचारत राहा. परळच्या केईएम रुग्णालयात दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखालचं केंद्र आहे, तिथे एकदा नाव नोंदवून या. स्टेम सेलच्या जाहिराती मात्र तुमच्यापर्यंत पोचतीलच, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेलच. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा आजारांत स्टेम सेल हा फक्त मान्यताप्राप्त संशोधनाचा विषय आहे, पैसे घेऊन द्यायचा उपचार नाही. गावची जमीन विकून तिकडे जाऊ नका. ते पैसे फिजिओथेरपीला लागतील. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था आहे, आणि बोलण्यासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था. दोन्ही ठिकाणी रांग असते, पण तिथे काम होतं.

तो नववीत आहे हे फार बरं झालं, कारण दहावीला अजून वेळ आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, यांचा अर्ज आत्ताच करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मेंदूविकारांचा समावेश आहे. दिव्यांगत्वाची टक्केवारी चाळीस किंवा त्याहून जास्त भरली की बहुतेक सवलती मिळतात. आत्ता कमी भरली तरी आजार वाढणारा असल्याने पुढे फेरतपासणी मागता येते. बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ आणि लेखनिक यासाठी शाळेमार्फत अर्ज जातो, आणि आयत्या वेळी तो अडकतो. ‘कार्ड काढलं की शिक्का बसतो’ असं तुमच्या मिस्टरांना वाटतंय. शिक्का नाक्यावरच्या पोरांनी आधीच मारलाय. कार्डाने किमान वर्ग तळमजल्यावर मागता येईल आणि लोकलच्या दिव्यांग डब्यात बसायला मिळेल.

पीटीच्या सरांना रिपोर्ट दाखवा. भांडायला जाऊ नका, पण हेही म्हणू नका की ‘जाऊ दे, त्यांना काय माहीत’. त्यांना माहीत व्हायला हवं, कारण असा एखादा मुलगा पुढेही त्यांच्या वर्गात येईल.

राहिली धाकटी. इथे मी आत्यांच्या बाजूने आहे, पण त्यांच्या कारणासाठी नाही. दोन्ही आईवडील वाहक असले की प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक, फक्त वाहक असण्याची चारात दोन, आणि काहीच नसण्याची चारात एक. एकाला झाला म्हणून दुसरं सुटलं, किंवा आता दुसऱ्याचा नंबर, असा हिशेब यात नसतो. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तीच.

तुमच्या मिस्टरांना एक प्रश्न विचारा: निकाल आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिच्या बाबतीत काय वेगळं करणार? दहा वर्षांची धडधाकट मुलगी, दोरीच्या उड्या मारते, पहिल्या बाकावर बसते. निकाल वाईट आला तर आज तिला देण्यासारखं औषध नाही. पण तिचं प्रत्येक ठेचकाळणं तुम्ही श्वास रोखून बघाल आणि तिला ते कळेल. निकाल चांगला आला तरी त्यात ती वाहक आहे का तेही दिसेल, आणि ती माहिती तिची आहे. मोठी होऊन ती घ्यायची की नाही, हे तिने ठरवायचं. म्हणूनच लक्षणं नसलेल्या लहान मुलांची अशी टेस्ट सहसा करत नाहीत. याला दुसरी बाजूही आहे, आणि तीही प्रामाणिकपणे सांगते. औषधं यायला लागली आहेत, हृदयावर लवकर लक्ष ठेवता येतं, म्हणून काही डॉक्टरांचं मत आता बदलतंय. तेव्हा हा निर्णय स्वयंपाकघरात किंवा पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर घेऊ नका. जेनेटिक कौन्सेलरकडे, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्या तज्ज्ञाकडे, दोघांनी मिळून जाऊन घ्या. ‘गुपचूप रक्त देऊन टाकू’ असं तुमचे मिस्टर म्हणाले, ते मात्र साफ चुकीचं आहे.

तिची चाल बदलली, अंधारात धडपडायला लागली, तर गोष्ट वेगळी. मग ती नुसती शंका राहत नाही आणि टेस्ट लगेच करायची. तोवर वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यावरची हातोडी हीसुद्धा एक प्रकारची टेस्टच आहे, हे लक्षात ठेवून दाखवा. आणि घरी मुद्दाम डोळे मिटून उभं करून बघू नका, ना तिला ना त्याला.

लग्नाची भीती उरतेच. ती वाहक असली तरी आजारी नसेल. नात्याबाहेरच्या, वाहक नसलेल्या मुलाशी लग्न झालं तर तिच्या मुलांना हा आजार होणार नाही, आणि तो वाहक आहे की नाही हे एका रक्ततपासणीत कळतं. ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत हे सगळं तिचं तिला बोलता येईल.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की तुमच्या भावाच्या मुलीचं तुमच्या दिराच्या मुलाशी जमवायचं घरात चाललंय. हे मात्र सहज सोडून देण्यासारखं नाही. तुमचा भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, दिराचीही तेवढीच. साखरपुड्याची तारीख निघायच्या आधी दोन्ही घरांना सांगा. लग्न मोडा असं म्हणायचं नाही, त्या दोघांनी आधी वाहक-तपासणी करून घ्यावी एवढंच म्हणायचं. सांगायला तुम्ही एकट्या जाऊ नका, दिराकडे नवऱ्याला बोलू दे. सोबत मुलाच्या जनुकाच्या रिपोर्टची झेरॉक्स न्या, अर्थात त्याला सांगून, त्याच्या परवानगीने. लॅबवाल्यांना नेमकी कुठली टेस्ट करायची ते त्या कागदावरून कळतं.